ट्रिपवर कॅमेरा आपटला आणि आता फोटो पांढरे येतायत: बिघाड नक्की कुठे आहे ते कसं शोधायचं

ही तक्रार परत परत येते, शब्द वेगळे असतात पण गोष्ट तीच. प्रवासात कॅमेरा पडला, भिजला, वाळूत गेला किंवा नुसताच बॅगेत दिवसभर आदळत आला, आणि त्यानंतर फोटो एकतर पांढरेफटक येतात नाहीतर काळेकुट्ट, मधूनच एखादा व्यवस्थित. मग लगेच निकाल लागतो की सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चिप, गेला. सेन्सर सहसा असा जात नाही हो. सेन्सर बिघडला की रेषा येतात, ठरावीक जागी रंगीत ठिपके दिसतात, रंगांचे पट्टे येतात. फोटो नुसता उजळ किंवा नुसता गडद येत असेल तर ते बहुतेक वेळा सेटिंग, लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक) किंवा शटर (किती वेळ प्रकाश जाईल ते ठरवणारा पडदा) या तिघांपैकी एकाचं काम असतं, आणि तिघांतला कोण ते स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता पाच-दहा मिनिटांत कळतं. ते कळलं तरच पुढचं ठरवता येतं, कारण ट्रिप चालू आहे, दुरुस्ती घरी गेल्यावर होईल, आत्ता प्रश्न एवढाच की उरलेल्या दिवसांत या कॅमेऱ्याकडून काम कसं काढून घ्यायचं.

सगळ्यात आधी सेटिंग बघा. "मी तर काही बदललंच नाही" असं सगळेच म्हणतात, पण तुम्ही नाही बदललं तरी बॅग बदलते. फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची डायल बऱ्याच कॅमेऱ्यांवर वरती उजव्या कोपऱ्यात असते आणि तिला लॉक नसतं, कॅमेरा आत-बाहेर करताना ती प्लस दोनवर गेली की पुढचे सगळे फोटो दोन स्टॉप ओव्हर (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे पाहिजे त्याच्या चौपट प्रकाश. आणि नेमका त्याच दिवशी कॅमेरा पडलेला असेल तर सगळा दोष पडण्यावर ढकलला जातो, साप समजून भुई धोपटायचा प्रकार. दुसरं म्हणजे ब्रॅकेटिंग, कॅमेरा एकच फोटो मुद्दाम कमी-जास्त उजळ काढतो ती सोय. फोटो तीन-तीनच्या हिशोबाने येत असतील, एक बरोबर, एक काळा, एक पांढरा, परत एक बरोबर, एक काळा, एक पांढरा, तर बाकी काही शोधू नका, ब्रॅकेटिंग चालू राहिलंय. काही कॅमेऱ्यांत बंद करून चालू केलं की ते आपोआप जातं, काहींत मुद्दाम काढेपर्यंत बसून राहतं. खऱ्या बिघाडाला असा पक्का ताल नसतो.

मग स्पॉट मीटरिंग. यात कॅमेरा फ्रेममधला अगदी बारीकसा भाग बघून सगळ्या फोटोचा प्रकाश ठरवतो, तो भाग काळ्या जॅकेटवर पडला की फोटो पांढरा, पांढऱ्या भिंतीवर पडला की काळा, आणि एकाच जागी उभं राहून काढलेल्या दोन फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक. रात्री ठेवलेला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० सकाळी तसाच राहणं हेही नेहमीचंच. चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर लावून विसरलात तर एक-दोन स्टॉप गेलेच, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर विसरलात तर विचारूच नका. आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून फोटो उजळ की गडद ते ठरवू नका, उन्हात सगळंच काळं दिसतं नि रात्री अंथरुणात पडून बघितलं की सगळंच झकास दिसतं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लावा, ढीग उजव्या (उजळ) भिंतीला चिकटून कापला गेलाय का डाव्या (गडद), तेवढं बघा.

हे सगळं शून्यावर आणून पण त्रास चालूच असेल तर मग खरी टेस्ट. ही टेस्ट करायला मीटरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजायच्या सोयीची, गरज लागत नाही आणि म्हणूनच ती चांगली आहे, कॅमेऱ्याला काय वाटतं ते विचारायचंच नाही.

लख्ख उन्हात बाहेर जा, सावल्या कडक पडलेल्या पाहिजेत, अगदी सकाळ किंवा संध्याकाळ नको. मोड मॅन्युअल, आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद, फ्लॅश बंद, फिल्टर काढून ठेवलेला, आणि मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर शटर मेकॅनिकलवर. समोर उन्हातली साधी भिंत, रस्ता, गवत, काहीही चालेल, फक्त सूर्य तुमच्या पाठीमागे हवा. जुन्या फिल्मवाल्यांचा सनी सिक्स्टीन नावाचा नियम आहे, कडक उन्हात ॲपर्चर एफ १६ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) ठेवलं की शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० किंवा १/१२५ सेकंद. एवढ्यावर फोटो साधारण बरोबर यायलाच पाहिजे. आता जागा न हलवता पुढे चला: एफ ११ ला १/२५०, एफ ८ ला १/५००, एफ ५.६ ला १/१०००, एफ ४ ला १/२०००, आणि लेन्स तेवढी उघडत असेल तर एफ २.८ ला १/४०००. दरवेळी ॲपर्चर एक स्टॉप उघडलं आणि शटर एक स्टॉप फास्ट केलं म्हणजे आत येणारा प्रकाश तेवढाच राहतो, म्हणून ही सगळी रांग सारखीच उजळ दिसली पाहिजे. पाठीमागचं कमी-जास्त ब्लर होईल, तिकडे लक्ष देऊ नका.

रांग सारखी आली आणि फोटो बरोबर आहेत, तर लेन्स ठीक, शटर ठीक, घोळ मीटरिंगचा किंवा सेटिंगचा आहे, परत वरती जाऊन वाचा. एफ १६ चा फोटो पांढरा, एफ ११ चा जरा कमी पांढरा, आणि जसजसं उघडत जाल तसतसा सुधारत सुधारत शेवटचा अगदी बरोबर, असं असेल तर ॲपर्चर उघडंच अडकलंय. एफ २.८ ची लेन्स पूर्ण उघडी अडकली तर एफ १६ ला पाच स्टॉप जास्त प्रकाश जातो, म्हणजे ३२ पट, अशा फोटोत काहीच उरत नाही. उलट एफ १६ च्या बाजूचे फोटो छान आणि फास्ट शटरच्या बाजूचे खराब, तर शटर. दोन्ही दोष रांगेच्या विरुद्ध टोकांना दिसतात म्हणून ओळखायला सोपं जातं. दुसरी लेन्स जवळ असेल तर ती लावून परत रांग काढा, दोष लेन्सबरोबर गेला का बॉडीत राहिला ते लगेच कळेल.

ॲपर्चर अडकणं हे प्रवासात फार होतं त्यामुळे याच्यावर जरा जास्त लिहितो. खात्री करायची असेल तर डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आपल्याकडे तोंड करून धरा, एफ १६ आणि शटर एक सेकंद, आणि पुढच्या काचेतून आत बघत बटण दाबा. लेन्स ठीक असेल तर चारी बाजूंनी काळी पाती झपकन आत येतात, मधोमध एक बारीक बहुकोनी भोक राहतं, सेकंदभर तसंच थांबतं आणि परत सगळं उघडतं. अडकलेली असेल तर काहीच हलत नाही, किंवा पाती आळसावल्यासारखी अर्ध्यावर येऊन थांबतात, किंवा एखादं पातं मागे राहून भोक एका बाजूला ओघळलेलं दिसतं. टॉर्च तिरका मारून बघा, कोरडी पाती मॅट काळी दिसतात, तेल उतरलेल्या पात्यांवर चकाकी किंवा डाग दिसतात. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या लेन्समध्ये फोकसचं ग्रीस पातळ होऊन हळूहळू पात्यांवर येतं, आणि मग पहिला फोटो ओव्हर, पुढचे दोन-चार बरे, जरा वेळ ठेवला की परत पहिला ओव्हर, असा खेळ चालतो. काही मिररलेसमध्ये समोरून बघताना पाती आधीपासूनच बंद असू शकतात कारण ती लेन्स चालू असतानाच ॲपर्चर कमी-जास्त करत असते, तिथे बटण न दाबता नुसती ॲपर्चरची डायल फिरवून भोक लहान-मोठं होतंय का बघा.

आता कामाची गोष्ट. उघडं अडकलेलं ॲपर्चर म्हणजे लेन्स मेली नाही. ॲपर्चर प्रायॉरिटी मोडवर (एफ तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) जा आणि एफचा सगळ्यात लहान आकडा ठेवा, पात्यांना हलायची गरजच उरत नाही. डीएसएलआर तसाही लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच मीटर करतो, त्यामुळे त्याचा हिशोब आणि प्रत्यक्ष फोटो जुळतो नि एक्सपोजर एकदम बरोबर येतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट झूम असेल तर लांबच्या टोकाला ती मुळातच एफ ५.६ ची असते, तुम्हाला फरक जाणवणारसुद्धा नाही. एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) असेल तर कडक उन्हात शटर पुरत नाही, आयएसओ १०० ला साधारण १/८००० लागतं, तेव्हा एनडी लावा किंवा पोलरायझर, तो एरवी नडतो पण इथे उपयोगी पडतो. लँडस्केपमध्ये जवळचं-लांबचं दोन्ही शार्प मिळणार नाही हे मान्य करा, दोन फोटो वेगळ्या फोकसने काढून घरी जोडा किंवा सरळ जवळचा दगड फ्रेममधून काढून टाका.

कॅननच्या ईएफ लेन्स, म्हणजे १९८७ पासूनचा माउंट (लेन्स बसते तो जोड), यांच्यात ॲपर्चर लेन्सच्या आतल्या मोटरवर चालतं आणि तिच्याकडे जाणारी पातळ फ्लेक्स केबल झूम करून करून तुटते. तेव्हा पूर्ण उघडं ठेवलं तर फोटो निघतो, एफ ८ केलं की एरर ०१ येऊन कॅमेरा अडून बसतो, कधी कधी फक्त ठरावीक झूमवरच. निकॉनच्या जुन्या धर्तीच्या एफ माउंट लेन्समध्ये मागच्या बाजूला एक छोटी धातूची दांडी असते, बॉडी ती हलवून ॲपर्चर बंद करते, कॅमेरा पडला किंवा लेन्स घाईत तिरकी लावली की ती दांडी किंचित वाकते आणि एक्सपोजर कायम चुकतं. ती पकडीने सरळ करायचा मोह होईल, करू नका, अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा फोटोत दिसतो. आणि निकॉनवर एफईई अशी अक्षरं आली असतील तर तो बिघाड नाही, ॲपर्चर रिंग असलेल्या लेन्सची रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक केली की जातं.

एरर कुठलाही असला तरी आधी कॅमेरा बंद करून लेन्स काढा आणि दोन्हीकडचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ मऊ कापडाने पुसा. घाम, सनस्क्रीन, समुद्राची हवा, याने एवढा बारीक थर बसतो की डोळ्याला दिसत नाही पण लेन्स आणि बॉडीचं बोलणं तुटतं. खोडरबराने घासा असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही, रबराचे कण आत गेले की नवीन दुखणं.

शटरचा बिघाड दिसायला जास्त भीतिदायक असतो. फोटोचा वरचा किंवा खालचा भाग काळा, मधे पट्टा, किंवा १/२००० ला एक बाजू गडद नि एक उजळ. कारण शटरला दोन पडदे असतात, पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्यामागून बंद करत येतो, फास्ट स्पीडला दोघांमध्ये फक्त एक अरुंद फट सरकत असते, आणि एक पडदा जरी रेंगाळला तरी ती फट सगळीकडे सारखी राहत नाही. पण घाबरायच्या आधी दोन गोष्टी तपासा. फ्लॅश लावला होता का? साधारण १/२०० किंवा १/२५० च्या वर फ्लॅश मारला की काळा पट्टा येणारच, तो शटरचा दोष नाही. एलईडी किंवा ट्यूबलाइटखाली होता का? ५० हर्ट्झच्या विजेवर असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, फास्ट शटरवर, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर तर हमखास, आडवे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ एक गडद येतो. तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झवाल्या देशात असाल तर १/६० किंवा १/१२५. "घरी नीट चालायचा, परदेशात गेल्यावर बिघडला" यातल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटतात.

शटरच असेल तर १/२५० च्या खाली राहा, तिथे दोष बहुतेक दिसेनासा होतो. मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक शटर चालू करा, पडदे उघडे असतील तोपर्यंत ते मस्त काम देतं, फक्त पळणाऱ्या गोष्टी तिरक्या दिसतात. लेन्स काढून आत बघा पण पडद्याला बोट लावू नका, हाताने दाबायचा ब्लोअरही लांबूनच, कॅनमधली दाबाची हवा तर अजिबात नाही. एखादं पातं निखळून लोंबत असेल तर तिथेच थांबा, पुढच्या फोटोला ते सेन्सरवर ओरखडा काढेल.

काही वेळा कॅमेरा चांगला असतो आणि जागा वेगळी असते. मीटर असं धरून चालतो की समोरचं सगळं सरासरी मध्यम करडं आहे, म्हणून बर्फ करडा येतो, पांढरी वाळू मळकट येते. बर्फावर प्लस एक ते प्लस दोन द्या. काळ्या खडकावर किंवा अंधाऱ्या स्टेजवर उलटं, मायनस. ट्रायपॉडवर डीएसएलआर ठेवून लांब एक्सपोजर करताना डोळा व्ह्यूफाइंडरला नसेल तर मागून उजेड आत जाऊन मीटर फसतो, फोटो गडद येतो, आयपीस झाका.

आता पाणी. भिजला की बंद करा, बॅटरी काढा, कार्ड काढा, लेन्स वेगळी करा, आणि चालतोय का ते बघायला चालू करू नका, सगळा घात तिथेच होतो, ओल्या सर्किटमध्ये करंट गेला की जे वाचलं असतं तेही जातं. हलवू नका, हेअर ड्रायर नको. तांदळात पुरायचा सल्ला कोणी देईलच, तो ऐकून आगीतून फुफाट्यात जाल, तांदळाची पावडर माउंटमध्ये आणि लेन्समध्ये शिरते आणि वाळतो तो साध्या उघड्या हवेतल्याइतकाच. सिलिका जेल असेल तर हवाबंद डब्यात त्याबरोबर ठेवा, नसेल तर पंख्याखाली, निदान दोन दिवस. समुद्राचं पाणी वेगळा विषय आहे, मीठ वाळलं तरी गंज चालूच राहतो, मग कॅमेरा चालू झाला तरी समाधान मानू नका, लवकर उघडून साफ करवून घ्या.

थंडीतून गरम खोलीत आल्यावर धुकं बसतं तेही फोटो फिके आणि धुरकट करतं, लोक त्याला ओव्हर समजतात. आत यायच्या आधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, दव पिशवीवर बसेल, तासाभराने काढा. एसी गाडीतून दमट उन्हात उतरतानाही हेच होतं, तिथे पिशवी गाडीतच बंद करा.

वाळू गेली की झूम फिरवू नका. जात्यात खडा आल्यासारखा कर्रर्र आवाज आला की तिथेच सोडा, लेन्स खाली तोंड करून ब्लोअर मारा, मऊ ब्रशने रिंगच्या फटी झाडा, आणि पूर्ण निघाली नाही तर झूम आहे तिथे ठेवून प्राइमसारखी वापरा.

सूर्याबद्दल एकच. लांब लेन्स ट्रायपॉडवर सूर्याकडे रोखून ठेवली की आतलं जळतं, ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पूर्ण सूर्यग्रहणानंतर भाड्याने दिलेले काही कॅमेरे आणि लेन्स जळलेले सेन्सर, शटर आणि ॲपर्चरची पाती घेऊन परत आले होते. कार्यक्रमातल्या लेझर लाइटचा झोत थेट लेन्समध्ये आला तरी सेन्सरवर कायमचे ठिपके, रेषा येतात. मिररलेस खांद्याला लटकवताना कॅप लावा, तिथे सेन्सर बहुतेक वेळा उघडाच असतो.

फोनवाल्यांसाठी: फोटो धुरकट नि दिव्यांभोवती पसरट उजेड येत असेल तर आधी लेन्स पुसा, बोटाचं तेल असतं. बाइकच्या हँडलवर फोन लावून लांब फिरत असाल तर ते थांबवा, ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतो. फिल्मवाल्यांनी रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नयेत, आणि केबिन बॅगेसाठीसुद्धा विमानतळावर सीटी स्कॅनर असेल तर हाताने तपासायची विनंती करावी, त्याने न धुतलेली फिल्म धुरकटते. डिजिटल कार्डाला काही होत नाही. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीऐवजी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली असेल तर मीटर चुकीचं सांगणारच, तिथे वरचा सनी सिक्स्टीन कामाला येतो. आणि प्रत्येक फ्रेमला एकाच कडेला नारिंगी उजेड दिसत असेल तर मागच्या झाकणाचा फोम भुसभुशीत झालाय, काळी इलेक्ट्रिकल टेप झाकणाच्या सांध्यावर बाहेरून लावून ट्रिप निभावते.

दुरुस्तीला देताना त्या रांगेतले सगळे फोटो मूळ फाइल म्हणून द्या, व्हॉट्सॲपवरून पाठवलेले नकोत, त्यातली एफ-शटरची माहिती उडते. थंडीत होतं का उन्हात, पहिल्या फोटोला होतं का दहाव्या, कुठल्या झूमवर, हे कागदावर लिहून द्या. आणि बॉडीबरोबर तीच लेन्स द्या, दोष ॲपर्चरचा असेल आणि तुम्ही नुसती बॉडी दिली तर "काही दोष सापडला नाही" म्हणून ती तशीच परत येईल.